गाडीच्या केबलचं तापमान फायबरनं मोजता येते का? (ई-लोडर, पिकअप, बस, सगळंच)

गॅरेजवाला_आर्वी
नमस्कार मंडळी. आर्वीले माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सेल्फ-डायनामोचं काम तं आहेच, पण आता ई-रिक्षा अन् ई-लोडरच जास्त येऊन राहिले. विषय असा का गाडी पेटायच्या आधी केबल बरेच दिवस तापत असते अन् ते कोणालेच दिसत नाही. परवा एक लोडर आला, तक्रार एवढीच का लोड घेऊन चढावर दम धरत नाही. सीट उचलून कंट्रोलर पाहिला तं बॅटरीच्या प्लसचं लग (केबलच्या टोकाचा तांब्याचा डोळा) जिथं बोल्टाले बसते तिथं तांबं जांभळट-काळं पडलं होतं, स्लीव्ह टरकली होती, अन् लगापासून चार बोटं मागेपर्यंत केबलचं इन्सुलेशन इतकं कडक का वाकवलं तर कडकन तुटे. चार बोटाच्या पुढं केबल एकदम नव्यासारखी मऊ. अन् फ्यूज शाबूत! मालक म्हणे का फ्यूज नाही गेला म्हणजे काही झालंच नाही.

याच गाड्यांमध्ये इकडं लेकरं शाळेत जातात, बायामाणसं बाजारात जातात, म्हणून मले हे जिवाले लागून राहिलं. कोणीतरी सांगितलं का नेटचं फायबर असते ना ग्रामपंचायतीत येते ते, तसल्याच काचेच्या तारेनं केबलचं तापमान मोजता येते अन् मोठ्या गाड्यात तसं करून राहिले. हे खरं आहे का, असेल तं काम कसं करते, अन् आपल्या कामाचं आहे का? जाणकारांनी नीट सांगावं, वेळ लागला तरी चालेल.

मेघा_इन्स्ट्रुमेंटेशन
भाऊ, खरं आहे. मी अमरावतीत इंजिनिअरिंग कॉलेजला इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते, सेन्सरच माझा विषय आहे, म्हणून जरा लांबीनं लिहिते.

आधी फ्यूजचं, कारण सगळी गडबड तिथंच आहे. फ्यूजला फक्त करंट कळतो, उष्णता कुठं होऊन राहिली ते कळत नाही. तुमच्या लोडरची केबल १६ स्क्वेअर एमएमची धरा, चढावर ५० अँपिअर ओढते असं समजा. १६ स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागं साधारण एक मिलिओहमच्या थोडा वर रेझिस्टन्स असतो, म्हणजे ५० गुणिले ५० गुणिले तेवढा, मीटरभर लांबीत पावणेतीन वॅटच्या आसपास उष्णता झाली. ती मीटरभर पसरते, हात लावला तर कोमट लागेल बस. आता लग ढिलं झालं किंवा क्रिंपिंग (लग केबलवर दाबून बसवणं) कच्चं राहिलं अन् त्या एका जागी १० मिलिओहम आले, तर त्याच ५० अँपिअरला तिथं २५ वॅट झाले. २५ वॅट म्हणजे तुमच्या दुकानातली सोल्डरिंगची कावी. ती बोल्टाखाली चढ असेपर्यंत चालू राहते, अन् करंट तर ५० च आहे, मग फ्यूज कशाला उडेल? तुम्ही जे चार बोटं लिहिलं ते एकदम बरोबर निरीक्षण आहे, उष्णता सांध्यात तयार होते अन् तांब्यातून मागं सरकत जाते, तेवढंच इन्सुलेशन भाजते.

म्हणून पूर्ण केबलभर, अन् खास करून प्रत्येक सांध्यावर, तापमान कळायला पाहिजे. इथं फायबर येते. रात्री लिहिते पुढचं, कॉलेजातून निघून राहिले.

कापूसवाला_पांढरकवडा
मेघाताई पुढचं नक्की लिहा. माझी डिझेल पिकअप आहे, दिवाळीपासून संक्रांत होऊन जाईपर्यंत कापूस जिनिंगमध्ये नेतो. कापसाचा रुआ सगळीकडं घुसते, बॅटरीपाशी, डिकीत, टेललाइटच्या वायरिंगमध्ये. आमच्या भागात कापसाची भरलेली गाडी रस्त्यात पेटली का शेतकऱ्याचं वर्षाचं पीक गेलं अन् गाडीवाल्याची गाडी गेली, दोघंही बसले. लोक विडी-सिगारेटले दोष देतात पण मले वाटते अर्ध्या वेळा वायरिंगच असते. उंदरं बी कुरतडतात. १२ व्होल्टच्या गाडीत बी असं होते का का फक्त इलेक्ट्रिक गाडीत?

गॅरेजवाला_आर्वी
होते भाऊ. १२ व्होल्टमध्ये तं करंट जास्तच असते. सेल्फ मारतानी बॅटरीतून शेकडो अँपिअर जातात, दोन-चार सेकंदच जातात म्हणून वाचते. पण अर्थिंगची पट्टी चेसिसले जिथं लागते तिथं गंज असला का तिथं बी तेच. अन् तुमच्याकडं लोक हेडलाइट बदलून मोठे बल्ब टाकतात, हॉर्न टाकतात, म्युझिक टाकतात, वायर तीच जुनी. ते आधी काढा.

मेघा_इन्स्ट्रुमेंटेशन
आता फायबर. नेटच्या फायबरमध्ये प्रकाश जातो अन् आपण तो दुसऱ्या टोकाला वाचतो. सेन्सरमध्ये आपण जो प्रकाश परत येतो तो वाचतो. तीन-चार प्रकार आहेत, गाडीसाठी सगळे सारखे कामाचे नाहीत.

पहिला रमणवाला. काचेत लेझरचा पल्स सोडला की थोडासा प्रकाश रंग बदलून उलटा येतो, काही जास्त तरंगलांबीचा, काही कमी. कमी तरंगलांबीवाला जो भाग आहे तो काच जितकी गरम तितका वाढतो, दुसरा त्यामानानं फारसा बदलत नाही. दोघांचं गुणोत्तर काढलं की तापमान कळते, अन् पल्स सोडल्यापासून किती वेळानं परत आला त्यावरून जागा कळते. म्हणजे अख्खं फायबरच सेन्सर, किलोमीटरच्या किलोमीटर. १९२८ ला सी. व्ही. रमण यांनी जो परिणाम शोधला अन् १९३० चं नोबेल मिळालं, तोच हा. (रमण १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते, मुलांना हे सांगितलं की वर्गात जरा जाग येते.) जमिनीखालच्या हायटेन्शन केबलवर, बोगद्यात, कोळशाच्या कन्व्हेयर बेल्टवर हेच वापरतात. पण गाडीत अडचण अशी की काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, १० नॅनोसेकंदाचा पल्स घेतला तरी एक मीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही. भाऊंच्या लोडरमध्ये अख्खी केबलच दोन मीटर, अन् तापते चार बोटं. त्या चार बोटांची गरमी मीटरभराच्या सरासरीत बुडून जाईल.

दुसरा प्रकार ग्रेटिंगचा, एफबीजी म्हणतात. फायबरच्या गाभ्यात अल्ट्राव्हायोलेट लेझरनं बारीक-बारीक पट्टे कोरतात, काही मिलिमीटर लांबीचा तुकडा. तो एकच ठरावीक तरंगलांबी परत पाठवतो, बाकी प्रकाश पुढं जाऊ देतो. काचेत प्रकाशानं असे पट्टे कोरले जातात हा गुण १९७८ मध्ये कॅनडात केन हिल अन् त्यांच्या सोबत्यांना सापडला. काच गरम झाली की ती परत येणारी तरंगलांबी सरकते, १५५० नॅनोमीटरच्या आसपास डिग्रीमागं साधारण १० पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). म्हणजे लग ५० डिग्रीनं तापलं तर अर्धा नॅनोमीटर. ऐकायला काहीच नाही पण वाचणारं यंत्र ते आरामात पकडते. अन् एकाच फायबरवर वेगवेगळ्या तरंगलांबीचे दहा-पंधरा ग्रेटिंग ओळीनं टाकता येतात, एका केसासारख्या तारेत दहा-पंधरा लग. बस, ट्रकच्या हार्नेससाठी मला हाच बरा वाटते. तिसरा प्रकार रॅले स्कॅटरिंगचा, म्हणजे रंग न बदलता उलटा येणारा प्रकाश, त्यात लेझरची तरंगलांबी फिरवत वाचतात, मिलिमीटर-सेंटिमीटरचं अंतर वेगळं दिसते, लांबी काही दहा मीटर, गाडीच्या मापाला एकदम बसते पण यंत्र अजून महाग अन् नाजूक.

फायबर_जोडणारा_दारव्हा
मॅडम मी फायबर स्प्लायसिंगचं काम करतो, ग्रामपंचायतीचे जोड, टॉवरचे जोड, सगळे. तुमचं वाचून भलता आनंद झाला. पण मले दोन गोष्टी खटकून राहिल्या. एक तं फायबर वाकवलं का लॉस येते, साधं फायबर तीन सेंटिमीटरच्या गोलाईपेक्षा जास्त वाकवत नाही आम्ही, गाडीत कुठून-कुठून वळवणार? दुसरं म्हणजे कनेक्टरवर धुळीचा एक कण बसला तरी सिग्नल मरते, इथं तं एप्रिलमध्ये गाडीच्या आत बोटभर धूळ असते. अन् गाडी हादरते. मले अजून एक सांगा, आमच्या फायबरवर जो प्लास्टिकचा लेप असते तो लगाच्या गरमीत टिकेल का?

मेघा_इन्स्ट्रुमेंटेशन
सगळेच प्रश्न एकदम मुद्द्याचे.

लेपापासून सांगते. नेटच्या फायबरवर अॅक्रिलेटचा लेप असतो, तो साधारण ८५ डिग्रीच्या वर टिकत नाही. सेन्सरसाठी पॉलिइमाइडचा लेपवालं घेतात, ते ३०० डिग्रीच्या आसपासपर्यंत चालते. वाकवण्याचं म्हणाल तर जी.६५७ वालं फायबर तुम्ही घरात ओढता ना, ते साडेसात-दहा मिलिमीटरच्या गोलाईला पण सहन करते. धुळीसाठी एकच उपाय, मधात कनेक्टर ठेवायचेच नाहीत, सगळे स्प्लाइस (काच वितळवून केलेले जोड), अन् एकच कनेक्टर यंत्रापाशी बंद डब्यात.

हादऱ्याचं मात्र खरंच गंभीर आहे. ग्रेटिंग फक्त तापमानाला नाही, ताणाला पण सरकते. दहा मायक्रोस्ट्रेन ताण आला, म्हणजे मीटरमागं मिलिमीटरचा शंभरावा भाग, तरी डिग्रीभराचा खोटा आकडा दिसतो. केबलला नुसतं टेपनं घट्ट बांधलं तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तापमान बदलून राहिलं असं दिसेल. म्हणून ग्रेटिंगचा तुकडा बारीक स्टीलच्या किंवा सिरॅमिकच्या नळीत मोकळा ठेवायचा, एकाच टोकाला चिकटवायचा, दुसरं टोक मोकळं. नळी केबलला बांधा, आतली काच ताणली जात नाही.

अन् गाडीत फायबर ही काही आजची गोष्ट नाही. २००० नंतर महागड्या गाड्यांमध्ये म्युझिक-डिस्प्लेच्या सिग्नलसाठी प्लास्टिकचं फायबर येऊन राहिलं होतं. ते सेन्सर नव्हते, पण हादरे सहन करते हे तर दिसलं.

वणीचा_इलेक्ट्रिशियन
मी कोळसा खाणीत इलेक्ट्रिकलले आहे, शॉवेल (कोळसा-माती उचलणारं मोठं यंत्र) अन् पंपाचं पाहतो. एक वेगळाच मुद्दा टाकतो, रील. शॉवेलची ट्रेलिंग केबल, म्हणजे यंत्रामागं ओढत जाणारी, ६.६ केव्हीची, जाड, जमिनीवर सरळ पसरली असली तं गरमी हवेत जाते. पण केबल रीलवर गुंडाळलेली राहिली अन् त्यातून करंट चालू असली तं मधल्या थरातली गरमी बाहेर निघतच नाही. वरून हात लावला तं थंड, आत भाजून राहिली. अंडरग्राउंडमध्ये ज्या गाड्या केबल रीलवर सोडत-ओढत चालतात त्यांच्यात तं हे रोजचंच. अमेरिकेत नायोश म्हणून संस्था आहे, खाण कामगारांच्या सुरक्षेवर काम करते, त्यांनी १९९० च्या दशकात अशा रीलवरच्या केबलमध्ये फायबर घालून आतल्या थरांचं तापमान मोजलं होतं. तिथं रमणवालं जमते कारण केबल शेकडो मीटर असते.

अन् शेतकरी भावांनो, हे तुमच्याबी घरचं आहे. पंपाची किंवा थ्रेशरची एक्स्टेन्शन केबल बंडल करून ठेवता अन् तशीच चालू करता. पूर्ण उलगडूनच वापरा. बंडलाच्या आतली वायर वितळते अन् वरच्या वेढ्यावर दिसत नाही.

कापूसवाला_पांढरकवडा
बाप्पा! आमच्या फवारणीच्या मोटरची केबल तशीच बंडलात पडून असते. आजच उलगडतो.

हिंगणघाट_ई_ऑटो
भाऊ मी ई-ऑटो चालवतो, कर्जावर घेतला. हे सगळं वाचलं पण खरं सांगा, आमच्यासाठी यातलं काय आहे? मे महिन्यात ४५-४६ टेंपरेचर असते, दुपारी ऑटो उन्हात उभा असला तं सीटवर बसता येत नाही. चार्जिंगले लावला का चार्जरचा प्लग इतका गरम होते का हातात धरवत नाही. कंपनीच्या माणसाले फोन केला तं म्हणे नॉर्मल आहे. मले भीती वाटते, रात्री घरातच चार्जिंगले लावतो, बाजूच्याच खोलीत लेकरं झोपतात.

मेघा_इन्स्ट्रुमेंटेशन
भाऊ, हातात धरवत नाही इतका प्लग नॉर्मल नाही, असं मी स्पष्ट सांगते. हाताला चटका बसतो म्हणजे बाहेरचं प्लास्टिकच ६० डिग्रीच्या आसपास गेलं, आतली पिन त्याहून गरम असणार. आज रात्री घरात लावू नका, बाहेर मोकळ्यात, गवत-कडबा नसेल तिथं लावा, जागे असताना लावा, अन् आर्वीवाल्या भाऊंकडं किंवा कोणत्याही चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं प्लग-सॉकेट दोन्ही बदलून घ्या, एक बदलून भागत नाही, जुनी ढिली पिन नव्या सॉकेटलाही खराब करते.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब पण सांगते, कारण कोणत्या केबलला किती करंट चालते याचे बरेच तक्ते ३० डिग्री हवा धरून असतात. साधी पीव्हीसी केबल ७० डिग्रीपर्यंतची. ३० च्या हवेत तिच्याकडं ४० डिग्री तापायला जागा आहे, ४५ च्या हवेत २५ च. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते म्हणून वर्गमूळ घ्या, १०० अँपिअरची केबल आपल्या मे महिन्यात साधारण ८० चीच राहते. तीच जर बंद पत्र्याच्या डब्यात उन्हात असली तर अजून कमी. म्हणून दुरुस्तीत केबल बदलताना साधी घरगुती वायर टाकू नका, गाडीची टाका, १०५ किंवा १२५ डिग्रीवाली.

२०२२ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकींना आगी लागल्या त्यानंतर सरकारनं एआयएस-१५६ चे, म्हणजे इलेक्ट्रिक दुचाकी-तिचाकीच्या सुरक्षेचे, नियम कडक केले, १ डिसेंबर २०२२ अन् ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यात. त्यात भर बॅटरी पॅक, सेल, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारा बोर्ड), चार्जर यांच्यावर आहे. पॅकच्या बाहेरचं लग दुरुस्तीत कसं आवळलं ते शेवटी मेकॅनिकच्या हातात आहे.

आता तुमचा प्रश्न, फायबर तुमच्यासाठी आहे का. नाही. वाचणारं यंत्र लाखांत जाते, ऑटोच्या किमतीच्या गोष्टी होतात. ४८ व्होल्टच्या गाडीत त्याची गरजही नाही. १० के चा एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे गरम झाला की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो तो सेन्सर, चहा-नाश्त्याच्या पैशात येतो, लगाला लावा. २५ डिग्रीला १० हजार ओहम, ७० ला पावणेदोन हजारच्या आसपास, एक छोटा बोर्ड अन् बझर लावला की झालं काम.

फायबरचा खरा फायदा ४००-८०० व्होल्टच्या बस-ट्रकमध्ये आहे, नारिंगी केबल असते त्यांच्यात. तिथं लगावर थर्मिस्टर लावला तर त्याच्या दोन तांब्याच्या तारा तुम्ही ८०० व्होल्टच्या शेजारून कमी व्होल्टच्या बाजूला ओढून आणल्या, मधलं इन्सुलेशन गेलं तर कंट्रोल बोर्ड, अन् दुर्दैव असलं तर माणूस. थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर) तर डिग्रीमागं ४० मायक्रोव्होल्टच देतो, मोटर कंट्रोलरच्या स्विचिंगचा गोंगाट त्याला खाऊन टाकतो. काचेतून वीज जातच नाही अन् चुंबकीय गोंगाटही तिला कळत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगच्या आत फायबरचे सेन्सर यासाठीच वापरतात. पन्नास माणसं बसलेल्या बसमध्ये पंधरा सांधे एका फायबरवर दिसत असतील तर खर्च वाजवी आहे, असं माझं ठाम मत आहे. खाणीतल्या मोठ्या यंत्रांचंही तेच.

वणीचा_इलेक्ट्रिशियन
मॅडमशी सहमत. फक्त एक जोडतो, फायबर केबलच्या बाहेरून लावलं तं तांब्याचं तापमान नाही, इन्सुलेशनच्या बाहेरचं दिसते, अन् उशिरा दिसते. आतल्या तांब्याचं हिशेबानं काढावं लागते. कारखान्यातच केबलच्या आत टाकलेलं उत्तम, पण मग केबल तुटली का जोड देतानी फायबरबी जोडावं लागते, अन् आमच्याकडं केबल जोडणारा वेगळा अन् फायबर जोडणारा कोणीच नाही.

गॅरेजवाला_आर्वी
मेघा मॅडम, मनापासून धन्यवाद, इतकं कोणी सांगत नाही. मी काय करतो तेबी लिहून ठेवतो, बाकीच्या मेकॅनिकले कामात येईल. इन्फ्रारेड गन घेतली आहे, पण चकचकीत तांब्यावर किंवा अॅल्युमिनियमवर मारली का आकडा खूप कमी दाखवते, लग चटका देऊन राहिलं अन् गन म्हणे ३८. त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, मिनिटभर थांबा, मग टेपवर मारा, बराबर येते. अन् गन जवळून मारा, फुटभरावरून मारली तं इंचभराचा गोल वाचते, लग त्याहून लहान असते.

दुसरं म्हणजे मल्टिमीटर. गाडी लोडवर चालू असतानी मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बोल्टावर अन् दुसरं लगाच्या मागं केबलच्या तांब्यावर लावा. चांगल्या जोडावर काहीच मिलिव्होल्ट येतात. त्या लोडरवर जवळपास अर्धा व्होल्ट येत होता. मॅडमचं गणित धरलं तं ५० अँपिअरले अर्धा व्होल्ट म्हणजे तेच १० मिलिओहम, तेच २५ वॅट! मले आजवर माहीत होतं का अर्धा व्होल्ट वाईट असते, पण काऊन वाईट ते आज समजलं.

हिंगणघाटवाले भाऊ, ऑटो घेऊन येजा, प्लग-सॉकेट बदलून देतो अन् एनटीसीबी लावून देतो, बझरसकट. मजुरी नोको.

हिंगणघाट_ई_ऑटो
रविवारी येतो भाऊ. आजपासून बाहेर कडुनिंबाखाली चार्जिंगले लावून राहिलो, पाला झाडून घेतला.

मेघा_इन्स्ट्रुमेंटेशन
आर्वीवाले भाऊ, ते जळालेलं लग अन् केबलचा तुकडा फेकला तर नाही ना? आमच्या लॅबमध्ये ग्रेटिंग वाचायचं यंत्र आहे. यंदाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना प्रोजेक्ट पाहिजे. तुमचं खरं लग टेबलावर बोल्टला बसवून त्यातून ५० अँपिअर सोडू, त्याच लगावर एक एनटीसी अन् एक ग्रेटिंग लावू, दुसरं ग्रेटिंग नळीशिवाय केबलला सरळ बांधू अन् टेबल हादरवून पाहू खोटा आकडा किती येतो. मग मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या लोडरमध्ये तेच परत. जे निघेल ते इथंच टाकू, आकड्यांसकट.

गॅरेजवाला_आर्वी
ठेवलं आहे मॅडम, डब्यात. केबलबी आहे. चालू लोडर मी आणतो, मालकाशी बोलतो.

फायबर_जोडणारा_दारव्हा
जोडणी माझ्याकडं. मशीन घेऊन येतो अमरावतीले, फक्त सांगा पिगटेल (एका टोकाले कनेक्टर लावलेला फायबरचा तुकडा) कोन्तं आणू, निळं का हिरवं?

मेघा_इन्स्ट्रुमेंटेशन
हिरवं, एफसी एपीसी. त्याचं टोक ८ डिग्री तिरपं घासलेलं असते, त्यामुळं कनेक्टरवरून उलटा फिरणारा प्रकाश बाहेर निघून जातो. निळ्यातून तो सरळ यंत्रात परत येईल अन् ग्रेटिंगचा सिग्नल त्यात ओळखू येणार नाही. दोन जास्तीचे आणा, मुलींना स्प्लाइस करायला शिकवा.

फायबर_जोडणारा_दारव्हा
चार आणतो.